कामाची नोंद कोणाच्या खिशात?



गेल्या वर्षी आमच्या गटाकडून एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातूनच निघाला. मराठवाड्यातल्या एका अत्याचाराच्या प्रकरणात आरोपींच्या जामिनावर सुनावणी होती. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ प्रमाणे पीडिताला कोर्टाच्या कामकाजाची, जामिनाच्या सुनावणीचीसुद्धा, वेळेवर सूचना मिळण्याचा आणि तिथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. सूचना मिळाली होती. पीडिताच्या भावाने नोटिशीचा फोटो काढून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आमच्यातल्या अकरा जणांनी तो पाहिला. दोघांनी अंगठा दाखवला. त्यानंतर ग्रुपवर एका व्याख्यानाचे पोस्टर आले, कुणाला तरी पीएच.डी. मिळाल्याबद्दल अभिनंदनाचे चाळीस-पन्नास संदेश आले, आणि ती नोटीस वर सरकत सरकत दिसेनाशी झाली. तारखेच्या दिवशी कोर्टात आमचे कोणी नव्हते. वकीलही नव्हते, कारण वकिलांना कोणीतरी कळवले असेलच असे प्रत्येकाला वाटले होते. कुटुंब गेले होते. एकटे.

जामीन त्या दिवशी झाला. आमचा माणूस तिथे असता तर तो नाकारला गेला असता, असा दावा आम्ही करत नाही. पण त्या भावाने नंतर फोनवर एवढेच विचारले, "ग्रुपवर टाकलं होतं ना?" याला आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हते.

आमचा गट म्हणजे तेवीस माणसे. ऑफिस नाही, टेबल नाही, पाटी नाही. नांदेड, परभणी, लातूर, नागपूर, पुणे, कल्याण असे विखुरलेले, आणि एक जण शिष्यवृत्तीवर परदेशात शिकतोय. वर्षातून दोनदा समोरासमोर भेटतो, चौदा एप्रिलच्या आधी आणि दीक्षाभूमीवर. बाकीचे सगळे काम फोनवर. काम दोन प्रकारचे: अत्याचाराच्या प्रकरणांचा पाठपुरावा आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्ती, स्वाधार, जात पडताळणीचे अर्ज. कंपन्यांच्या भाषेत याला 'फुल्ली रिमोट टीम' म्हणतात. आपल्या चळवळीत अशा टीम शेकड्याने आहेत, फक्त त्यांना कोणी टीम म्हणत नाही. म्हणून हा लेख.

चुकीनंतर बैठक झाली तेव्हा पुण्याच्या आयटीतल्या मित्रांनी सांगितले, की व्हॉट्सअ‍ॅपवर काम चालत नाही, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे सॉफ्टवेअर घ्या. कार्ड बनवा, तारीख टाका, नाव टाका, तारीख जवळ आली की ते स्वतःच आठवण करते. यावर जुन्या कार्यकर्त्यांचा आक्षेप तयारच होता: हे कंपन्यांचे चोचले आहेत, चळवळ कळवळ्यावर चालते, बाबासाहेबांनी कोणत्या सॉफ्टवेअरवर महाडचा सत्याग्रह केला?

हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, पण तो चुकीचा आहे असे आमचे मत आहे. २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण आपण सगळे भक्ती आणि हुकूमशाहीवरच्या इशाऱ्यासाठी उद्धृत करतो. त्याच भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला आहे. संघाला बैठकव्यवस्थेचे, प्रस्ताव मांडण्याचे, ठरावाचे, गणसंख्येचे, मतदान आणि मतमोजणीचे नियम माहीत होते आणि संघ ते पाळत होता, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. हे सांगण्याची त्यांना गरज का वाटली? कारण कार्यपद्धती ही साहेबाने आणलेली परकी वस्तू आहे हा समज त्यांना मोडायचा होता. विनयाचे नियम म्हणजे एकत्र राहणाऱ्या माणसांनी आपसातल्या कामाची आणि जबाबदारीची लावलेली व्यवस्थाच की. तेव्हा 'पद्धत म्हणजे कॉर्पोरेट आणि कळवळा म्हणजे आंबेडकरी' ही विभागणी करणाऱ्यांनी आधी विनयपिटकाला उत्तर द्यावे.

आणि खरे सांगायचे तर पद्धत नसते तेव्हा तिच्या जागी कळवळा येत नाही. तिच्या जागी एक माणूस येतो. कोणत्या केसची तारीख कधी, कोणता वकील, कोणत्या मुलीचा अर्ज कुठे अडकलाय, हे सगळे त्या एका दादाच्या डोक्यात आणि त्यांच्या फोनमध्ये. त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. दादा आजारी पडले की काम आजारी. दादांचे कोणाशी बिनसले की ते ग्रुप घेऊन निघून जातात, आणि मागे राहिलेल्यांकडे एकाही पीडिताचा फोन नंबर नसतो. रिपब्लिकन राजकारणाचे किती तुकडे झाले हे आम्ही नव्याने सांगायला नको. पण प्रत्येक फुटीत कागद कोणाबरोबर गेले, सभासदांच्या याद्या कोणाच्या कपाटात राहिल्या, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे का? नोंद ज्याच्या खिशात, संघटना त्याच्या खिशात. सॉफ्टवेअर निवडण्याचा प्रश्न आम्हाला इथून सुरू होताना दिसतो.

आता बाजाराकडे येऊ. बाजारात ट्रेलो आहे, असाना आहे, जिरा आहे, बेसकॅम्प आहे, आणखी डझनभर आहेत. यातली बहुतेक साधने 'दर माणशी, दर महिना' या हिशोबाने पैसे घेतात, तेही डॉलरमध्ये. कंपनीला यात काही वावगे वाटत नाही, कारण तिथे प्रत्येक माणूस पगारी असतो आणि त्याच्या पगारापुढे हा खर्च किरकोळ. चळवळीत हा हिशोब उलटा पडतो. आपल्याला माणसे वाढवायची असतात. पण या हिशोबात चोविसावा कार्यकर्ता हा खर्च ठरतो. मग काय होते? पैसे वाचवायला दहा जणांना लॉगिन दिले जाते आणि उरलेल्यांना 'आम्ही फोनवर सांगतो' म्हटले जाते. ते दहा कोण असणार? लॅपटॉपवाले, इंग्रजीवाले, पुणे-मुंबईवाले. आणि उरलेल्या कोण? पोलीस ठाण्याच्या बाकावर प्रत्यक्ष जाऊन बसणाऱ्या बायका. सॉफ्टवेअर कंपनीने जात विचारलेली नसते, पण तिच्या दरपत्रकाने आपल्या गटात नवी उतरंड तयार झालेली असते.

फुकटचे पर्याय आहेत, पण फुकट हा शब्द मालकाच्या मर्जीवर असतो. ट्रेलो २०११ मध्ये आले, २०१७ मध्ये अ‍ॅटलासियन कंपनीने ते विकत घेतले, आणि २०२४ मध्ये फुकट वापरणाऱ्या गटांवर दहा माणसांची मर्यादा आली. आम्ही तेवीस. स्लॅकने २०२२ पासून फुकट वापरणाऱ्यांना फक्त गेल्या नव्वद दिवसांचे संदेश दाखवायला सुरुवात केली. नव्वद दिवस! आपल्याकडे अत्याचाराचा खटला वर्षानुवर्षे चालतो. वंडरलिस्ट नावाचे कामांच्या यादीचे एक सुंदर साधन होते. मायक्रोसॉफ्टने ते २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद करून टाकले. सामाजिक संस्थांना अनेक कंपन्या सवलत देतात हे खरे, पण त्यासाठी नोंदणीचे कागद लागतात, आणि आमच्यासारखे बिननोंदणीचे गट त्या दारातच अडतात.

बेसकॅम्पचा किस्सा तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ही कंपनी दूरून काम कसे करावे यावर पुस्तके लिहिणारी, जगाला शहाणपण शिकवणारी. तिच्या आत अनेक वर्षे ग्राहकांच्या 'गमतीदार' नावांची एक यादी फिरत होती, त्यात आशियाई आणि आफ्रिकी नावेही होती. कर्मचाऱ्यांनी त्यावर प्रश्न विचारले, वाद वाढला, आणि एप्रिल २०२१ मध्ये मालकांनी जाहीर केले की कंपनीच्या कामाच्या खात्यावर सामाजिक आणि राजकीय चर्चा चालणार नाही. जवळपास एक तृतीयांश कर्मचारी सोडून गेले. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्यातली एक ताई म्हणाली, "म्हणजे तिथंही आडनावावर हसतातच की." आडनावावर हसण्याचा अनुभव कोणाला नाही? तरी केवळ या कारणासाठी ते साधन नाकारा असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कंपनीच्या मालकाची मते पटतात तिचेच सॉफ्टवेअर वापरायचे ठरवले तर आपल्याला पाटी-पेन्सिलवर यावे लागेल, आणि पाटीची खाणही कोणाच्या तरी मालकीची असते. सांगायचे एवढेच, की ही साधने आकाशातून पडलेली नाहीत. ती माणसांनी, त्यांच्या डोक्यातल्या कामाच्या कल्पनेसह बनवलेली आहेत.

त्या कल्पनेत एक क्रियापद फार महत्त्वाचे आहे: 'असाइन'. कोणीतरी कोणालातरी काम नेमून देतो. आम्ही पहिले दोन महिने एक साधन चाचणी म्हणून वापरले. दोन महिन्यांनी नोंदी काढून पाहिल्या तर चित्र असे होते: कार्डे तयार करणारे पाच जण, सगळे शहरातले, सगळे पदवीधर, त्यातले चार पुरुष. कार्डे ज्यांच्या नावावर लागली ते बहुतेक तालुक्यातले. शिवाय कार्डावरची माहिती भरायचे, फोनवर ऐकून टाइप करायचे काम तीन मुलींवर येऊन पडले होते. कोणी ठरवले नव्हते, आपोआप झाले. आपोआप होते तिथेच तर जात आणि बाईपण काम करत असते! जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांनाच वर-खाली वाटून टाकणारी व्यवस्था आहे, हे बाबासाहेबांकडून शिकलेलो आम्ही, आणि आमच्याच पडद्यावर दोन महिन्यांत विचार करणारे वर आणि धावपळ करणारे खाली अशी रांग लागली.

हा धोका आमच्या कल्पनेतला नाही. सॉफ्टवेअर खालच्या माणसावर कसे बसते ते आपल्या आजूबाजूला पाहा. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली, चंदीगड आणि पंचकुलातही तेच झाले. झाडू मारणारा माणूस कुठे उभा आहे, किती वेळ थांबला, हे वर बसलेल्या साहेबाला नकाशावर दिसणार. त्या साहेबाच्या मनगटावर मात्र घड्याळ नाही. झाडू कोणत्या जातींच्या हातात आहे ते वेगळे सांगायला नको. खासगी क्षेत्रात घरून काम करणाऱ्यांच्या पडद्याचे दर काही मिनिटांनी फोटो काढणारी सॉफ्टवेअरे विकली जातात. आमच्या बैठकीतही एकाने सुचवलेच, की कोण किती काम करतो ते मोजता येईल. मोजता येईल, हो. पण पोलीस ठाण्यात चार तास बसून फिर्याद नोंदवून घेणाऱ्या ताईचे ते एकच कार्ड, आणि घरी बसून वीस अर्जांची स्थिती बदलणाऱ्या मुलाची वीस कार्डे. अशा मोजणीतून खरे काय कळणार?

दुसऱ्या बाजूला अंगणवाडी सेविकांचे उदाहरण आहे, आणि ते आपण जपून ठेवावे असे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले. फोन निकृष्ट होते, बिघडले की दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी, आणि ज्या 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅपवर रोजची माहिती भरायची ते इंग्रजीत. मराठीत काम करणाऱ्या, मराठीत नोंदवह्या ठेवणाऱ्या या बायकांनी साधन नाकारले. त्यांना तंत्रज्ञान नको होते असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या नोंदवह्या पाहाव्यात. इतक्या काटेकोर नोंदी आमच्या गटाने आजवर ठेवलेल्या नाहीत. आमच्या निवडीची पहिली कसोटी आम्ही या आंदोलनावरून घेतली: परभणीच्या ताईला तिच्या फोनवर, तिच्या भाषेत, कोणाला न विचारता आपल्या केसची पुढची तारीख दिसली पाहिजे. नाही दिसली तर ते साधन आमचे नाही, मग त्यात कितीही रंगीत आलेख असोत.

आम्ही पाहिलेल्या चार-पाच साधनांची बटणे इंग्रजीत होती. पण रकान्यांची नावे आपण ठेवू शकतो, हे लक्षात यायला आम्हाला उशीर झाला. 'टू डू, डूइंग, डन' काढून आम्ही शिष्यवृत्तीच्या फळ्यावर असे रकाने केले: कागद बाकी, अर्ज भरला, कॉलेजात अडकला, समाजकल्याणमध्ये अडकला, मंजूर, पैसे खात्यात. हे करताच एक गोष्ट डोळ्यांत भरली. बहुतेक कार्डे 'कॉलेजात अडकला' या एकाच रकान्यात साचलेली. महाडीबीटीवर अर्ज विद्यार्थ्याने भरला तरी तो आधी कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे जावा लागतो, आणि तिथला कारकून तो महिनोन्महिने उघडत नाही. आजवर आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला वेगवेगळा सल्ला देत होतो, 'बाळा, पुन्हा जाऊन विचार.' फळ्यावर एकाच कॉलेजची कार्डे एकाखाली एक दिसली तेव्हा कळले की हा विद्यार्थ्यांचा निष्काळजीपणा नाही, एका टेबलाचा आहे. त्या टेबलावर आम्ही सतरा विद्यार्थ्यांसह एकत्र गेलो. सुट्या तक्रारी एका जागी मांडल्या की त्यांची मागणी होते, हे समाजशास्त्राच्या वर्गात ऐकले होते, पण पाहिले ते या फळ्यावर.

अत्याचाराच्या प्रकरणांचा फळा वेगळा लागतो, कारण तिथे कायद्याने घालून दिलेल्या मुदती आहेत. मदतीची रक्कम सात दिवसांच्या आत मिळायला हवी, नियम १२ तसे सांगतो. तपास पूर्ण करून आरोपपत्र साठ दिवसांत. तपास करणारा अधिकारी उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालचा नको. अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने, एफआयआरवर काही, आरोपपत्र गेल्यावर काही, निकालानंतर उरलेले. जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी. या मुदती पोलीस आणि प्रशासन विसरते, हे आपले नेहमीचे भाषण. पण विसरले हे आपल्याला कोणत्या दिवशी कळते? एकसष्टाव्या दिवशी कळले तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना पत्र जाते. सहा महिन्यांनी कळले तर फक्त भाषण होते. एफआयआरची तारीख टाकली की सातवा आणि साठावा दिवस स्वतः समोर आणणारे साधन आम्हाला हवे होते. एवढी एकच गोष्ट ते नीट करत असेल तर बाकी काही नसले तरी चालेल.

इथे मात्र मोठी अडचण उभी राहिली. या फळ्यावर काय लिहायचे? पीडितेचे नाव? गाव? साक्षीदाराचा फोन? लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, आधी तो भादंविच्या २२८अ खाली होता. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, साक्षीदाराचे नाव गावच्या पाटलाच्या पोरापर्यंत पोहोचले तर काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते की पासवर्ड आहे, कोण बघणार? त्यांना आम्ही भीमा कोरेगाव प्रकरणाची आठवण करून दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन फॉरेन्सिक कंपनीचा अहवाल पुढे आला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून केलेल्या त्या तपासणीत, रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर घुसवून बाहेरून कागदपत्रे पेरली गेली असा निष्कर्ष होता. याच प्रकरणात आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले. त्यानंतरही आंबेडकरी कार्यकर्ता 'पासवर्ड आहे ना' म्हणत असेल तर त्याच्या भोळेपणाला नमस्कार.

म्हणून आमचा नियम असा झाला: अत्याचाराच्या फळ्यावर नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. फक्त जिल्हा आणि क्रमांक, आणि तारखा. क्रमांक कोणाचा हे एका कागदी वहीत, आणि वही दोन ठिकाणी. वही म्हटल्यावर आयटीवाले मित्र हसले. हसू द्या. वही हॅक होत नाही.

मग हा फळा कोणाच्या सर्व्हरवर ठेवायचा? इथे आमच्यात खरे भांडण झाले. एका बाजूचे म्हणणे, की जाहिरातीचे पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, तेव्हा दुसऱ्याच्या यंत्रावर चळवळ चालत नाही हा धडा आपण १९२० मध्येच शिकलो. बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. आज छापखान्याच्या जागी सर्व्हर आहे. मुक्त स्रोत साधने आहेत, ओपनप्रोजेक्ट, तायगा, कानबोर्ड, नेक्स्टक्लाउडचे डेक. ती घ्यायला पैसे लागत नाहीत, माणसे कितीही जोडा, आणि माहिती आपल्या ताब्यात.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे आम्हाला कमी महत्त्वाचे वाटत नाही. सर्व्हर आपला म्हणजे कोणाचा? गटात ते यंत्र चालवता येणारे दोघे. सुधारणा कधी बसवायच्या, कोणाला प्रवेश द्यायचा, बंद पडले तर कधी सुरू करायचे, सगळे त्या दोघांच्या हातात. त्यांची भाषा बाकीच्यांना कळत नाही, आणि प्रश्न विचारला की 'ते टेक्निकल आहे' हे उत्तर. ज्याची भाषा कळत नाही आणि ज्याच्यावाचून विधी होत नाही अशा माणसाला आपल्याकडे काय म्हणतात? आपण घरातून भटजी काढला आणि सर्व्हरवर आणून बसवला, असे नागपूरच्या एका मित्राने बैठकीत म्हटले. त्या दोघांना ते लागले. दोघेही आपलेच, दोघेही पहिल्या पिढीतले इंजिनिअर, रात्री जागून काम केलेले. पण मुद्दा खोटा नव्हता.

आणि छापखान्याच्या दाखल्याला आणखी एक बाजू आहे. दादरच्या आंबेडकर भवनातला तो बुद्धभूषण छापखाना जून २०१६ मध्ये भवनाबरोबर पाडला गेला. मालकी आपली असली तरी एकाच जागी सगळे ठेवले की एका रात्रीत जाते.

शेवटी आम्ही जे केले ते कोणाच्याच मनासारखे पूर्ण नाही. शिष्यवृत्तीचे काम साध्या गूगल शीटवर ठेवले, कारण ती मराठीत उघडते, स्वस्त फोनवर चालते आणि विद्यार्थ्यांना आधीच येते. त्यात आधार क्रमांक आणि बँक खाते लिहायचे नाही, एवढी अट. अत्याचाराच्या तारखांसाठी कानबोर्ड घेतले. ते दिसायला ओबडधोबड आहे, त्यात नवे काही फारसे येत नाही असे त्याचे बनवणारेच सांगतात, पण ते हलके आहे, स्वस्त भाड्याच्या जागेवर चालते आणि सगळी माहिती एका फाइलमध्ये राहते. ती फाइल दर रविवारी तिघे जण उतरवून घेतात, तिघे तीन जिल्ह्यांतले, आणि त्यातली एक सर्व्हरवाली नाही. तिला ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवता आली तेव्हाच आम्ही हे साधन स्वीकारले. त्या दोन इंजिनिअरांना अट घातली की सहा महिन्यांत आणखी दोघांना हे शिकवायचे आणि त्या दोघांत एक बाई असली पाहिजे. एक तयार झाली आहे. दुसरा अजून 'वेळ मिळत नाही' म्हणतो.

'असाइन' आम्ही बंद केले. कानबान ही पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यात १९५० च्या दशकात ताइइची ओनो यांनी रुजवली, आणि तिचा गाभा असा की काम वरून ढकलायचे नसते, पुढचा टप्पा मोकळा झाला की त्याने ते ओढून घ्यायचे असते. कारखान्यात ते कोणाच्या फायद्यासाठी होते हा वेगळा प्रश्न, पण तत्त्व कामाचे आहे. आमच्याकडे दर सोमवारी रात्री साडेनऊला अर्ध्या तासाचा फोन असतो. कार्डे वाचली जातात, ज्याला जमेल तो आपल्या तोंडाने 'हे माझ्याकडे' म्हणतो. कोणीच घेतले नाही तर ते कार्ड तसेच बिननावाचे राहते आणि सगळ्यांना दिसते. पूर्वी बिननावाचे काम दिसतच नव्हते, कारण ते 'सगळ्यांचे' होते. नोंद लिहिण्याची पाळी आठवड्याला फिरते, पुरुषांनाही येते. ज्याला टाइप करणे जमत नाही त्याने व्हॉइस नोट पाठवायची, लिहिणे पाळीवाल्याचे काम. लातूरच्या आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आजवर फळा उघडलेला नाही आणि उघडणार नाहीत असे आम्हाला दिसते. ते फोन करतात, आम्ही लिहितो. त्यांनी किती प्रकरणे उभी केली आहेत हे पाहता त्यांना लॉगिनची परीक्षा घालणारे आम्ही कोण?

व्हॉट्सअ‍ॅप सोडलेले नाही. ते सोडा म्हणणाऱ्यांनी आपल्या वस्तीत एक आठवडा राहून पाहावे. फक्त एक नियम केला: ग्रुपवर आलेली तारीख ही तारीख नाही, फळ्यावर चढली तीच तारीख. चढवणाऱ्याने ग्रुपवर क्रमांक टाकायचा. क्रमांक आला नाही तर ज्याने नोटीस पाठवली त्याने विचारायचे, आणि विचारल्याबद्दल कोणी चिडायचे नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड जातोय. 'माझ्यावर विश्वास नाही का' हे वाक्य आमच्या फोनवर अजून महिन्यातून एकदा तरी ऐकू येते.

हे लिहीत असताना फळ्यावर एकोणीस कार्डे आहेत. त्यातल्या चार प्रकरणांत साठ दिवस उलटून गेले आणि आरोपपत्र नाही. चारही पत्रे पोलीस अधीक्षकांकडे गेली, पोच आली, उत्तर एकाचेच आले. दोन कार्डे या सोमवारी कोणी घेतलेली नाहीत. एक लातूर जिल्ह्यातले आहे, तिथे वकील हवा आहे. दुसरे नांदेडचे, तिथे बुधवारी कोर्टात कुटुंबाबरोबर बसायला कोणीतरी हवे आहे. या भागात असाल आणि बुधवार मोकळा असेल तर कळवा.